प्रकाशननीती (संशोधनपत्रिकांची)

संशोधनपत्रिकेत छापला जाणारा निबंध खरोखर कोणी लिहिला, तो कोणी तपासला, कामासाठी पैसा कोठून आला आणि पुढे त्यात चूक किंवा लबाडी निघाली तर काय करावयाचे, यांविषयी लेखक, परीक्षक, संपादक व प्रकाशक यांनी पाळावयाच्या संकेतांना प्रकाशननीती म्हणतात. बनावट विदा (डेटा), वाङ्मयचौर्य, एकच निबंध दोन ठिकाणी छापणे, काम न करता नाव लावणे आणि हितसंबंध लपवणे हे तिचे नेहमीचे विषय होत. यांतील बहुतेक संकेत लेखी स्वरूपात आले ते विसाव्या शतकाच्या अखेरच्या पाव भागात. त्यांपैकी कायद्याचे बळ फारच थोड्यांना आहे.

या नीतीचा कणा म्हणून तज्ज्ञपरीक्षणाकडे (पीअर रिव्ह्यू) बोट दाखवले जाते. त्याच्या उगमाविषयी मात्र एकमत नाही. नवव्या शतकातील वैद्य इसहाक इब्न अली अल-रुहावी याच्या वैद्यकीय आचारावरील ग्रंथात त्याचे मूळ असल्याचे काही लेखक सांगतात. पण तेथील वर्णन वैद्याने ठेवलेल्या रुग्णनोंदी इतर वैद्यांनी तपासण्याचे आहे. उपचार योग्य झाले की नाही, हा तेथे प्रश्न होता. लेखन प्रसिद्ध करावे की नाही, हा नव्हता. त्यामुळे हा संबंध ओढूनताणून जोडलेला दिसतो.

लंडनच्या रॉयल सोसायटीचा सचिव हेन्री ओल्डेनबर्ग याने मार्च १६६५ मध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू केले, त्याच वेळी परीक्षणही जन्मले, हे मत अधिक प्रचलित आहे. हॅरिएट झुकरमन व रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञांच्या १९७१ मधील निबंधाने त्याला वजन आले. मजकूर सोसायटीच्या काही सभासदांनी आधी पाहावा, असा ठराव त्या वेळी झाला होता हे खरे. परंतु ते नियतकालिक १७५२ पर्यंत सचिवाचा खाजगी उद्योग होते. काय छापायचे ते प्रायः तोच ठरवी. ठरावामागे लेखाच्या गुणवत्तेपेक्षा छपाईच्या परवान्याची काळजी असावी. एडिंबरो येथे १७३१ मध्ये निघालेल्या वैद्यकीय निबंधसंग्रहाच्या प्रस्तावनेत, आलेले लेख त्या त्या विषयातील जाणकार सभासदांकडे दिले जातात, असे म्हटले आहे. आजच्या पद्धतीशी जवळीक शोधायची तर ती येथे अधिक सापडते.

तेथे छापल्या जाणाऱ्या लेखांवर जॉन हिल या लेखकाने केलेल्या बोचऱ्या टीकेनंतर रॉयल सोसायटीने १७५२ मध्ये ‘ट्रान्झॅक्शन्स’ स्वतःच्या ताब्यात घेऊन निबंध-समिती नेमली. समिती गुप्त मतदानाने निवड करी. कारणे लिहून देण्याची प्रथा नव्हती. निबंधातील विधानांवर संस्था म्हणून आपण मत देत नाही, अशी सूचनाही छापली जाऊ लागली. नाव चांगले राखावे पण जबाबदारी अंगावर येऊ नये, अशी ही सोय होती. लेखी अहवालाची कल्पना विल्यम ह्यूएल याने १८३१ मध्ये मांडली. जॉर्ज एअरीच्या पृथ्वी व शुक्र यांच्या गतीवरील निबंधाबाबत ह्यूएलचे आपला सहपरीक्षक जॉन लबक याच्याशी जुळेना. ह्यूएलला निबंधाचे महत्त्व सांगायचे होते, लबकला उणिवा दाखवायच्या होत्या. अखेर दोघांच्या सहीचा अहवाल १८३२ मध्ये छापला गेला. त्यानंतर थोड्याच काळात अहवाल गुप्त ठेवण्याकडे कल झाला आणि परीक्षकाचे नावही पडद्याआड गेले. आज ‘खुले परीक्षण’ म्हणून जे नवे मानले जाते, ते एका अर्थी जुनेच आहे.

तरीही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत परीक्षण ही सर्वत्र रुळलेली अट नव्हती. आइन्स्टाइन व नेथन रोझेन यांचा गुरुत्वीय तरंगांवरील निबंध १९३६ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू’चे संपादक जॉन टेट यांनी परीक्षकाकडे पाठवला. छापण्याआधी तो तिऱ्हाइताला दाखवण्याची मुभा आपण दिली नव्हती, असे कळवून आइन्स्टाइन यांनी तो परत घेतला. परीक्षक एच. पी. रॉबर्टसन होते व त्यांनी काढलेली चूक खरी होती, हे २००५ मध्ये उजेडात आले. दुरुस्त निबंध १९३७ मध्ये अन्यत्र प्रसिद्ध झाला होता. ‘नेचर’मध्ये परीक्षण नियमित झाले ते १९७३ च्या सुमारास, तर ‘लॅन्सेट’मध्ये १९७६ मध्ये. अमेरिकेत सरकारी अनुदानावरून १९७० च्या दशकात वाद पेटले, तेव्हा शास्त्रज्ञांनी आपली स्वायत्तता राखण्यासाठी परीक्षणाला विज्ञानाच्या विश्वासार्हतेची खूण म्हणून पुढे केले, असे मेलिंडा बाल्डविन यांचे प्रतिपादन आहे. ओल्डेनबर्गपासून अखंड परंपरा मानणाऱ्या मतापेक्षा हे उपलब्ध कागदपत्रांशी अधिक जुळते.

लेखी संहितांचा आरंभ वैद्यकीय नियतकालिकांपासून झाला. काही संपादक १९७८ मध्ये व्हँकूव्हर येथे जमले ते हस्तलिखितांचा नमुना एकसारखा करण्यासाठी. या गटाने १९८५ मध्ये लेखकत्वाचे निकष घातले. आशय किंवा विदा यांत भरीव वाटा, लेखन वा चिकित्सक दुरुस्ती आणि अंतिम मसुद्यास संमती या तीन अटींना २०१३ मध्ये संपूर्ण कामाच्या उत्तरदायित्वाची चौथी जोडली गेली. चारही पुऱ्या व्हाव्या लागतात. विभागप्रमुख म्हणून किंवा निधी मिळवून दिला म्हणून नाव लावण्याची मुभा त्यात नाही. व्यवहारात ही अट किती पाळली जाते, ते विद्यापीठांत वावरणाऱ्यांना ठाऊक आहे.

ब्रिटिश वैद्यकीय संपादकांनी १९९७ मध्ये ‘कोप’ (कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स) ही समिती स्थापली. निबंध मागे घेण्याविषयीची तिची मार्गदर्शक तत्त्वे २००९ ची. त्यांनुसार निबंध गुपचूप काढून टाकायचा नसतो. ‘मागे घेतला’ अशी ठळक खूण, कारण आणि निर्णय कोणाचा हे सांगून तो वाचनासाठी तसाच ठेवायचा असतो. कोपच्या हाती सभासदत्व काढून घेण्यापलीकडे दंड नाही. निबंध मागे घेण्यास होणाऱ्या विलंबाचे उदाहरण म्हणून ब्रिटिश डॉक्टर अँड्र्यू वेकफील्डच्या निबंधाचा उल्लेख होतो. गोवर-गालगुंड-रुबेला (एमएमआर) लस व आत्ममग्नता (ऑटिझम) यांचा संबंध सुचवणारा, १२ मुलांवर आधारित हा निबंध ‘लॅन्सेट’ने १९९८ मध्ये छापला आणि २०१० मध्ये मागे घेतला.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी वाङ्मयचौर्य ठरवताना इतरांच्या लेखनाशी असलेल्या साम्याच्या पायऱ्या ठरवल्या : १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, पुढे ४० व ६० टक्के या मर्यादांनुसार ती वाढत जाते. सामान्य ज्ञानाचे वा योगायोगाने जुळणारे सलग १४ शब्दांपर्यंतचे साम्य धरले जात नाही. संगणकप्रणाली शब्दांचे साम्य मोजते, चोरी नव्हे. इंग्रजीतून मराठीत उतरवलेला मजकूर तिच्या हातून सहसा निसटतो.

नेमणूक व बढती छापील निबंधांच्या गुणांवर अवलंबून राहू लागल्यावर पैसे घेऊन काहीही छापणारी ‘बोगस जर्नल’ फोफावली. आयोगाच्या मान्य यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेली, पण कोणत्याही प्रतिष्ठित सूचीत नसलेली जी नियतकालिके भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांनी तपासली, त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात, असे त्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये दाखवले. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नावे वगळली. पुढे ‘यूजीसी-केअर’ यादी आली. तिच्या कामाचे केंद्र सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात होते. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन व प्रकाशननीतीचा दोन श्रेयांकांचा (क्रेडिट) अभ्यासक्रमही सक्तीचा झाला. भारतीय भाषांतील नियतकालिके वगळली जातात, निर्णय लांबतात, अशा तक्रारींनंतर आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर यादी बंद केली आणि सुचवलेल्या निकषांच्या आधारे नियतकालिकांची पारख करण्याचे काम शिक्षणसंस्थांवर सोपवले.