जागा आहे, तरी डिस्क भरलेली

लिनक्स सर्व्हरवर चार ओळींची फाइल सेव्ह करायला जावं आणि उत्तर यावं, ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. मोकळी जागा दाखवणारी ‘डीएफ’ कमांड चालवून पाहावं, तर निम्मी डिस्क मोकळी! अशा वेळी घाबरून हाताला लागेल ते उडवणारी माणसं मी पाहिली आहेत. कळकळीनं सांगतो, आधी नेमकं काय संपलंय ते शोधा.

ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिममध्ये, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीत, प्रत्येक फाइलची एक नोंद असते, आयनोड. मालक कोण, आकार किती, मजकूर डिस्कवर कुठे आहे, हे सगळं त्या २५६ बाइटांत. नाव मात्र तिथे नसतं, ते डिरेक्टरीत असतं. आयनोड किती, हे फॉरमॅट करतानाच ठरतं. सहसा दर १६ केबीमागे एक. म्हणजे १०० जीबीला सुमारे ६५ लाख. वेबसाइटच्या सेशनच्या चिमुकल्या फाइली वर्षानुवर्षं साचल्या की नोंदवही भरते, गोदाम रिकामंच राहतं. ‘डीएफ -आय’ केलं की आयनोड १०० टक्के वापरलेले दिसतात. तिथे फाइली पुसणाऱ्या ‘आरएम’ला तारांकित (*) नाव दिलं तर यादी फार लांब झाल्याची तक्रार येते, फाइली शोधणाऱ्या ‘फाइंड’ला ‘-डिलीट’ जोडून काम होतं.

कधी उलटं घडतं. ४० जीबीची लॉग फाइल उडवली, तरी ‘डीएफ’चा आकडा हलत नाही, आणि फाइलींनी व्यापलेली जागा मोजणाऱ्या ‘डीयू’ला ती फाइल सापडत नाही. कारण ‘आरएम’नं फक्त नाव पुसलं. ज्या प्रोग्रामनं ती उघडून ठेवली आहे, तो सोडत नाही तोवर आयनोड आणि जागा दोन्ही अडकून राहतात. ‘एलएसओएफ +एल१’ अशा बिननावाच्या फाइली दाखवतो. ती सेवा रीस्टार्ट केली की जागा क्षणात परत मिळते.

शिवाय ईएक्सटी४ ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्यासाठी, राखते. नुसत्या डेटाच्या ४ टीबी डिस्कवर ते २०० जीबी होतात. ‘ट्यून२एफएस -एम १’नं कमी करता येतात.

बीटीआरएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिमचं दुखणं सगळ्यात अवघड. ती डेटाला आणि मेटाडेटाला (फाइलींबद्दलच्या नोंदींना) वेगवेगळे मोठे तुकडे वाटते. सगळे तुकडे वाटून झाले आणि मेटाडेटाचे भरले, तर डेटाचे अर्धे रिकामे असूनही लिहिणं थांबतं. फाइल पुसायलाही नवा मेटाडेटा लिहावा लागतो, म्हणून कधी पुसणंसुद्धा जमत नाही! तुकडे नव्यानं मांडणाऱ्या ‘बॅलन्स’ला आधी ‘डीयूसेज=५’ (फक्त ५ टक्क्यांपर्यंत भरलेले डेटाचे तुकडे) इतकी लहान मर्यादा द्या, मग हळूहळू वाढवा. तेही अडलं, तर रिकामा पेनड्राइव्ह ‘डिव्हाइस अ‍ॅड’नं तात्पुरता जोडा आणि पुन्हा बॅलन्स चालवा. झाल्यावर तो तसाच उपटू नका. ‘डिव्हाइस रिमूव्ह’ पूर्ण होऊन त्यावरचं सगळं मूळ डिस्कवर परत येऊ द्या.