बॅलरॉग विरुद्ध टी. जे. कॉम्बो

‘स्ट्रीट फायटर’ आणि ‘किलर इन्स्टिंक्ट’ या दोन स्पर्धक व्हिडिओ गेम-मालिकांतील मुष्टियोद्ध्यांची ॲनिमेशनपटातील काल्पनिक झुंज. ‘डेथ बॅटल’ या अमेरिकी वेब-मालिकेच्या चौथ्या हंगामात (२०१७) ती दाखवण्यात आली. बॅलरॉग हे जपानच्या कॅपकॉम कंपनीचे पात्र, तर कॉम्बो हे ब्रिटनच्या रेअर कंपनीचे. दोघेही कृष्णवर्णीय अमेरिकी, हेवीवेट गटातले आणि अधिकृत मुष्टियुद्धातून हद्दपार झालेले. मूळ गेममध्ये त्यांची गाठ कधीही पडलेली नाही.

बॅलरॉग ‘स्ट्रीट फायटर २’ (१९९१) या आर्केड गेममध्ये प्रथम दिसतो. शॅडालू या गुन्हेगारी संघटनेच्या चार म्होरक्यांपैकी तो एक. पहिल्या आवृत्तीत हे चौघे केवळ संगणकाच्या हाती होते. खेळणाऱ्याला ते निवडता येऊ लागले ते ‘चॅम्पियन एडिशन’पासून (१९९२). त्याच्या लढतीची पार्श्वभूमी लास व्हेगासच्या झगमगत्या जुगारअड्ड्यांची आहे आणि पैसा हीच त्याची एकमेव प्रेरणा म्हणून रंगवलेली आहे.

या पात्राच्या उगमाबाबत मतभेद आहेत. मालिकेच्या पहिल्या गेममध्ये (१९८७) पाच देशांतील दहा प्रतिस्पर्धी होते. त्यांपैकी अमेरिकेच्या वाट्याला आलेल्या दोघांत माइक नावाचा एक कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा होता. त्याची लढत माउंट रशमोरच्या दगडी चेहऱ्यांसमोर होते. हाच माइक पुढे बॅलरॉग झाला, असे एक मत बराच काळ प्रचलित आहे. त्याला आधारही आहे. जपानी आवृत्तीत बॅलरॉगचे नाव एम. बायसन असे असून त्यातील ‘एम.’ म्हणजे माइक. दुसऱ्या मतानुसार ही दोन निराळी पात्रे असून त्यांचे उगमस्थान तेवढे समान आहे, ते म्हणजे माइक टायसन. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. देश, वर्ण आणि हातमोजे सोडले तर दोघांच्या चित्रणात फारसे साम्य नाही. पहिल्या गेममधल्या माइकचा शॅडालूशी संबंध कोठेही सूचित केलेला नाही. कॅपकॉमने अलीकडे प्रसिद्ध केलेल्या पात्रपरिचयांतही माइकची नोंद स्वतंत्र आहे. १९८७ साली टायसनची कीर्ती शिखरावर होती, हे लक्षात घेता कोणत्याही गेममधल्या अमेरिकी मुष्टियोद्ध्याला त्याचा तोंडवळा लाभणे स्वाभाविकच होते.

टायसनशी असलेल्या या साम्यामुळेच नावांची अदलाबदल झाली. जपानी आवृत्तीत एम. बायसन हा मुष्टियोद्धा, बॅलरॉग हा पंजाधारी स्पॅनिश योद्धा आणि व्हेगा हा संघटनेचा हुकूमशहा. परदेशी आवृत्तीत ‘माइक बायसन’ नावामुळे टायसनकडून दावा दाखल होईल, या धास्तीने कंपनीच्या अमेरिकी शाखेने तिन्ही नावे फिरवली. मुष्टियोद्ध्याला बॅलरॉग, पंजाधाऱ्याला व्हेगा आणि हुकूमशहाला एम. बायसन हे नाव मिळाले. ही धास्ती अनाठायी म्हणता येत नाही. निन्टेन्डोने टायसनचे नाव रीतसर परवाना घेऊन आपल्या ‘पंच-आउट’ गेमला १९८७ मध्ये दिले होते, आणि परवान्याची मुदत संपल्यावर १९९० मध्ये त्याच्या जागी मिस्टर ड्रीम हे नवे पात्र आणून गेम पुन्हा बाजारात आणला होता. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत गोंधळ टाळण्यासाठी खेळाडू या तिघांना आजही बॉक्सर, क्लॉ आणि डिक्टेटर असेच म्हणतात.

टी. जे. कॉम्बो १९९४ च्या ‘किलर इन्स्टिंक्ट’मधला. सलग पाच वर्षे तो हेवीवेट विजेता होता. त्याच्या दोन्ही बाहूंत यांत्रिक रोपणे बसवलेली आहेत हे उघडकीस आल्यावर त्याचे विजेतेपद काढून घेण्यात आले आणि त्याच्यावर आजन्म बंदी आली, अशी त्याची कथा आहे. रेअर कंपनी मायक्रोसॉफ्टने विकत घेतल्यानंतर (२००२) ही मालिका दीर्घकाळ थंड पडली. २०१३ मधील पुनरुज्जीवनाच्या दुसऱ्या हंगामात (२०१४) कॉम्बो परतला, तो रोपणे काढून टाकून, स्वतःच्या बळावर लढणारा म्हणून. दोन्ही कथांमधला हा फरक महत्त्वाचा आहे: बॅलरॉगच्या वाट्याला असे परिवर्तन आलेले नाही.

दोघांची तुलना बहुधा कथेच्या अंगाने केली जाते. खेळाच्या यंत्रणेत मात्र ते एकमेकांपासून फार दूर आहेत. बॅलरॉग हा ‘चार्ज’ पद्धतीचा योद्धा आहे. जॉयस्टिक सुमारे सेकंदभर मागे धरून ठेवायची, मग पुढे ढकलून ठोशाचे बटण दाबायचे, की तो धावत जाऊन ठोसा मारतो. मागे धरणे म्हणजे त्या गेममध्ये बचाव करणे. त्यामुळे तो बचाव करता करताच हल्ल्याची तयारी करतो. तो लाथ मारत नाही. लाथेच्या तिन्ही बटणांवरही त्याचे ठोसेच आहेत. त्याचा गिरकीचा ठोसा ठोशांची किंवा लाथांची तिन्ही बटणे एकदम दाबून धरून सोडल्यावर निघतो, आणि जितका वेळ धरावे तितका जबर बसतो. म्हणून मुरलेला खेळाडू एका हाताच्या बोटांनी लाथांची तिन्ही बटणे घट्ट धरून ठेवतो आणि उरलेल्या बोटांनी ठोशांची बटणे वापरून लढत राहतो. समोरच्याला तो साठा दिसत नाही, पण त्याची धास्ती बाळगूनच खेळावे लागते. मुष्टियुद्धात निषिद्ध असलेली डोक्याची धडकही त्याच्या भात्यात आहे.

‘किलर इन्स्टिंक्ट’ची रचना उलट दिशेने झालेली आहे. ‘स्ट्रीट फायटर २’मध्ये सलग फटक्यांची साखळी, म्हणजे कॉम्बो, ही निर्मात्यांनी योजलेली गोष्ट नव्हती, ती चाचणीच्या वेळी लक्षात आली आणि राहू दिली गेली. ‘किलर इन्स्टिंक्ट’चा पायाच साखळीवर आहे. एका नेमक्या फटक्याने ती सुरू करायची, मधले फटके आपोआप जुळत जातात, आणि मार खाणाऱ्याला योग्य क्षणी ‘कॉम्बो ब्रेकर’ने ती तोडता येते. अशा गेममध्ये मुष्टियोद्ध्याचे नावच कॉम्बो असावे, हे त्याच्या रचनेला धरून आहे. तो शुद्ध मुष्टियोद्धा नाही. गुडघ्याचाही वापर करतो.

‘डेथ बॅटल’ची सुरुवात २०१० मध्ये बेन सिंगर आणि चॅड जेम्स यांनी केली. विझ आणि बूमस्टिक हे दोन निवेदक प्रत्येक पात्राचा इतिहास, शस्त्रे आणि पराक्रम मांडतात, नंतर मरेपर्यंतची ॲनिमेशन लढत होते आणि शेवटी निकालाची कारणे दिली जातात. हा पुरावा प्रामुख्याने कथेतला आणि दृश्यांतला असतो. या पद्धतीची मर्यादा बॅलरॉगसारख्या पात्राबाबत ठळकपणे जाणवते. त्याचे खरे सामर्थ्य वाट पाहण्यात आणि बटण धरून ठेवण्यात आहे. खेळणाऱ्याचे हात बाजूला काढल्यावर मागे उरतो तो फक्त धिप्पाड, रागीट माणूस. कॉम्बोचे तसे होत नाही, कारण साखळी फटके पडद्यावरही तितकेच उठून दिसतात.

स्पर्धक कंपन्यांच्या मुष्टियोद्ध्यांची प्रत्यक्ष खेळता येणारी लढत पाहायची असल्यास ‘स्ट्रीट फायटर एक्स टेकन’ (२०१२) हा गेम अधिक उपयुक्त आहे. त्यात बॅलरॉगसमोर टेकन मालिकेचा ब्रिटिश मुष्टियोद्धा स्टीव्ह फॉक्स उभा करता येतो. स्वतःच्या मालिकेत फॉक्सही लाथा मारत नाही. त्याच्या लाथांच्या बटणांवर प्रामुख्याने झुकून आणि सरकून ठोसे चुकवण्याच्या हालचाली आहेत.