तेरा विजयांची वही

माझा भाचा न्यू जर्सीत असतो, दहावीत जाईल. बेसबॉलचं वेड आहे. ऑगस्टच्या सुरुवातीला व्हिडिओ कॉलवर त्याने स्कोअरबुकची पानं कॅमेऱ्यासमोर धरली. उन्हाळी स्पर्धेत वीस सामने, तेरा जिंकले, सात हरले. "मामा, आता स्प्रिंगमध्ये शाळेचा सीझन आमचाच!" त्याचा चेहरा बघून मला लगेच काही बोलवेना. पण जून-जुलैचे निकाल पुढच्या एप्रिल-मेबद्दल नेमकं किती सांगतात, हे तपासून बघण्यासारखं आहे.

समजा एखादा संघ अगदी मध्यम आहे. प्रत्येक सामन्यात जिंकणं-हरणं नाणेफेकीसारखं. असे शंभर संघ वीस-वीस सामने खेळले, तर त्यातले सुमारे १३ संघ तेरा किंवा जास्त सामने जिंकतील. अंगात काही वेगळं नसताना! बॅटिंगचंही तसंच. दहात तीन हिट मारण्याची कुवत असलेल्या मुलाकडून ५० प्रयत्नांत १५ हिट अपेक्षित असतात. पण १२ किंवा १८ होणं अगदी नेहमीचं. बारावाल्याला बाकावर बसवतात, अठरावाल्याचं कौतुक होतं. पुढच्या सीझनला दोघेही पंधराच्या आसपास आले, की लोक म्हणतात एक सुधारला आणि दुसऱ्याच्या डोक्यात हवा गेली. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने १८८६ साली आईवडील आणि मुलांच्या उंचीत हेच सरासरीकडे परतणं दाखवलं होतं.

त्यात उन्हाळ्यातला संघ आणि शाळेचा संघ एकच नसतो. अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेची उन्हाळी स्पर्धा १९२५ पासूनची. तिच्यात १९ वर्षांपर्यंतची मुलं खेळू शकतात. म्हणजे जुलैत ज्याने सामने जिंकून दिले, तो सप्टेंबरात कॉलेजात गेलेला असतो. उलट, शाळेचे चांगले खेळाडू कित्येकदा उन्हाळ्यात दुसऱ्याच क्लबकडून गावोगाव फिरत असतात. उन्हाळ्यात कोच नवख्यांना संधी देतात, पिचर (चेंडू टाकणारे) आलटून-पालटून वापरतात. आणि पंधरा वर्षांचा मुलगा आठ महिन्यांत केवढा बदलतो!

हवाही बदलते, अगदी शब्दशः. ३० अंश सेल्सिअसची हवा ५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे आठ टक्के विरळ असते. जुलैत कुंपणापार गेलेला तोच फटका एप्रिलच्या थंडीत आतच झेलला जाऊ शकतो.

मग त्या वहीत काहीच नाही का? आहे, पण विजयांच्या रकान्यात नाही. बेसबॉलचे आकडेतज्ज्ञ बिल जेम्स यांचं, धावांवरून विजयांचं प्रमाण सांगणारं साधं सूत्र आहे: केलेल्या धावांचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज. भाच्याच्या संघाने ९८ धावा केल्या, ९६ दिल्या. उत्तर येतं ०.५१, म्हणजे वीसात जेमतेम दहा विजयांचा संघ. तीन विजय जेमतेम एकेका धावेने जिंकलेल्या सामन्यांनी पदरात टाकले होते.

त्याहून बोलके आकडे स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर फलंदाज बाद) आणि वॉकचे (चार चेंडू बाहेर टाकल्याने फलंदाजाला फुकट पहिला बेस). २००१ साली बेसबॉलचे अभ्यासक व्होरोस मॅक्रॅकेन यांनी दाखवलं, की बॅटला लागून मैदानात आलेल्या चेंडूचं पुढे काय होतं यावर पिचरचा ताबा फार थोडा असतो. तिथे क्षेत्ररक्षण आणि नशीब बोलतं. स्ट्राइकआउट आणि वॉक मात्र बरेचसे त्याच्या स्वतःच्या हातचे. म्हणून हे आकडे कमी सामन्यांतही लवकर स्थिरावतात.

एक गोष्ट मला या सगळ्याहून मोठी वाटते. उन्हाळ्याचे निकाल भविष्य ठरवतात असं धरून पालक मुलांना बारा महिने पिचिंग करायला लावतात. अमेरिकेतल्या खाजगी विम्याच्या नोंदी तपासल्या तेव्हा २००७ ते २०११ मध्ये कोपराचा फाटलेला अस्थिबंध नव्याने बसवणाऱ्या 'टॉमी जॉन' शस्त्रक्रिया झालेल्यांत निम्म्याहून जास्त रुग्ण १५ ते १९ वयाचे निघाले. वाचून पोटात खड्डा पडतो. १५-१६ वर्षांच्या मुलाने दिवसाला ९५ पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत आणि वर्षातले किमान चार महिने स्पर्धेतल्या पिचिंगला सुट्टी द्यावी, असं तिथलं मार्गदर्शन आहे.

भाच्याला मी पिचिंगचं पान पुन्हा दाखवायला सांगितलं. त्याच्याच वर्गातल्या एका मुलाने ४० इनिंगमध्ये (एका सामन्यात असे सात ते नऊ छोटे डाव असतात) ४५ स्ट्राइकआउट घेतले होते, वॉक फक्त ९. "हा स्प्रिंगमध्ये आहे ना शाळेत?" "आहे की! पण आता जानेवारीपर्यंत बॉल फेकणार नाही, त्याच्या आईने सांगितलंय."