सूत्री विभाजन

सूत्री विभाजन : (समविभाजन). केंद्रकयुक्त पेशीतील गुणसूत्रांच्या आधीच तयार झालेल्या दोन प्रती दोन कन्यापेशींत समान वाटल्या जाण्याची प्रक्रिया. शरीराची वाढ, झीज भरून येणे व अलैंगिक प्रजनन तिच्यावर अवलंबून असते. जननपेशी तयार होताना गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे अर्धगुणसूत्री विभाजन याहून वेगळे आहे.

पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था व अंत्यावस्था हे टप्पे शालेय पाठ्यपुस्तकांतून परिचित आहेत. दोन विभाजनांमधल्या काळाला ‘विश्रांती’ म्हणण्याची जुनी पद्धत मात्र दिशाभूल करणारी होती, कारण डीएनएचे द्विगुणन त्याच काळात होते.

या प्रक्रियेच्या शोधाचे श्रेय कोणाला द्यावे याबाबत एकमत नाही. व्हिल्हेल्म हॉफमाइस्टर यांनी १८४८च्या सुमारास वनस्पतींच्या विभाजन पावणाऱ्या पेशींची चित्रे काढली. त्यांत आज गुणसूत्रे ओळखता येतात, पण त्यांचा अर्थ तेव्हा लागला नव्हता. केंद्रक मध्ये आवळत जाऊन सरळ दुभंगते, हे रोबेर्ट रेमाक यांचे मत त्यानंतरही प्रचलित राहिले. अँटोन श्नायडर यांनी १८७३मध्ये एका चपट्या कृमीत, तर एडुआर्ट स्ट्रासबुर्गर यांनी १८७५मध्ये वनस्पतींत विभाजनाचे टप्पे वर्णिले. केवळ प्रसिद्धीचा क्रम पाहिला, तर श्नायडर यांचा हक्क मोठा ठरतो. तरीही वाल्टर फ्लेमिंग यांचे नाव पुढे येते, ते सकारण. सॅलॅमँडरच्या अळ्यांमधील मोठ्या पेशी रंगवून, शिवाय जिवंत पेशींतही निरीक्षण करून, त्यांनी सूत्रे (म्हणजे गुणसूत्रे) लांबीत उभी चिरली जातात हे दाखवले. १८८२चा त्यांचा ग्रंथ या विषयाचा पाया मानला जातो. हे अर्धे भाग वेगवेगळ्या कन्यापेशींत जातात, हे एडुआर्ड व्हान बेनेडेन यांनी १८८३मध्ये घोड्याच्या जंताच्या अंड्यांत स्पष्ट केले. या जंतात गुणसूत्रे अगदी मोजकी असल्याने ते शक्य झाले.

गुणसूत्रांना ध्रुवांकडे, म्हणजे पेशीच्या दोन टोकांकडे, नेणारे तुरीय तंतू खरोखर असतात का, हा वाद अधिक काळ चालला. अम्लात स्थिर केलेल्या पेशींत प्रथिने फाटलेल्या दुधासारखी गोठतात आणि तंतूंचा भास होतो, अशी शंका घेतली जाई. शिन्या इनोउए यांनी १९५३मध्ये ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाने जिवंत पेशींत हे तंतू दाखवल्यावर ती निकालात निघाली. तंतू स्थायी नसतात : ट्युब्युलिन या प्रथिनाचे रेणू जुळून ते बनतात व विरतात. थंडीने ते विरघळतात. कोल्चिसिन हे वनस्पतिज विष ट्युब्युलिनला चिकटून त्यांची जुळणी रोखते व विभाजन मध्यावस्थेत अडकते. सह्याद्रीत व कोकणात पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीत हेच विषारी द्रव्य असते.

कोल्चिसिनच्या या गुणाचा गुणसूत्रे मोजण्यास मोठा उपयोग झाला. १९२३मध्ये थिओफिलस पेंटर यांनी दिलेली ४८ ही मानवी संख्या तीन दशके मान्य होती. जो हिन त्यो व आल्बेर्ट लेवान यांनी १९५६मध्ये ती ४६ असल्याचे दाखवले. महाराष्ट्राच्या जंगलांतही आढळणाऱ्या भेकरात मादीला केवळ ६ व नराला ७ गुणसूत्रे असतात. ती आकाराने मोठी असल्याने तंतूंच्या जोडणीच्या अभ्यासासाठी या पेशी वापरल्या जातात.

वरील वर्णन मुख्यतः प्राणी व उच्च वनस्पतींना लागू पडते. त्यांच्यात विभाजनावेळी विरणारे केंद्रकावरण (केंद्रकाभोवतीचे पटल) यीस्टमध्ये विरत नाही. तुरीय तंतू केंद्रकाच्या आतच तयार होतात.