माउंट मोरिया दफनभूमी, डेडवुड

अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यातील डेडवुड या गावाच्या डोक्यावर, पाइन वृक्षांच्या तीव्र उतारावर असलेली ऐतिहासिक दफनभूमी. १८७८ च्या सुमारास येथे दफने सुरू झाली आणि १९४९ मध्ये ती बंद करण्यात आली. या काळात तीन हजारांहून अधिक माणसे या टेकडीवर पुरली गेली. बंदूकबाज वाइल्ड बिल हिकॉक आणि पश्चिमेकडील सीमाप्रदेशात गाजलेली धाडसी स्त्री कॅलॅमिटी जेन यांच्या शेजारशेजारच्या कबरींमुळे हे ठिकाण जगभर माहीत झाले आणि आजही येणाऱ्यांपैकी बहुतेकांची पावले आधी तिकडेच वळतात. पण सोन्यासाठी रातोरात उभ्या राहिलेल्या गावात कोण आले, कशाने मेले, कोणाला दगड मिळाला, कोणाच्या वाट्याला लाकडी फळी आली आणि कोणाला तीही नाही, हे समजून घ्यायचे असेल तर उरलेली टेकडी पालथी घालावी लागते.

मुळात हे गाव ज्या जमिनीवर वसले ती जमीन वसाहतकारांची नव्हती. १८६८ च्या फोर्ट लॅरमी कराराने ब्लॅक हिल्स हा डोंगराळ मुलूख लाकोटा सू लोकांच्या राखीव प्रदेशात होता. १८७४ मध्ये जॉर्ज कस्टरच्या लष्करी मोहिमेने तेथे सोने असल्याची बातमी बाहेर आणली आणि दोन वर्षांत हजारो लोक कराराला न जुमानता आत घुसले. १८७६ च्या उन्हाळ्यात डेडवुडच्या घळीत तंबू, लाकडी खोपटी, दारूचे गुत्ते आणि दुकाने एकमेकांना खेटून उभी राहिली. त्याच उन्हाळ्यात, २५ जूनला, लिटल बिगहॉर्नच्या लढाईत कस्टर मारला गेला. फेब्रुवारी १८७७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून ब्लॅक हिल्स ताब्यात घेतल्या. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन योग्य मोबदला न देता घेतल्याचे मान्य करून दहा कोटी डॉलरहून अधिक भरपाई ठरवली. सू लोकांनी ती आजतागायत स्वीकारलेली नाही. त्यांना पैसे नकोत, जमीन हवी आहे. माउंट मोरियातल्या ‘पहिल्या रहिवाशांच्या’ कबरी पाहताना हे ध्यानात ठेवावे लागते, कारण टेकडीवरचा एकही प्रसिद्ध दगड हे सांगत नाही.

डेडवुडची पहिली दफनभूमी इंगलसाइड नावाच्या खालच्या, बऱ्यापैकी सपाट भागात होती. गाव फुगू लागले तशी अरुंद घळीतली ती जागा घरांसाठी हवीहवीशी झाली आणि मृतांना वर टेकडीवर हलवण्याचे ठरले. नव्या जागेच्या आखणीत फ्रीमेसन या बंधुसंघटनेच्या मंडळींचा पुढाकार होता. मोरिया हे बायबलमधील डोंगराचे नाव त्यांच्याच परंपरेतून आले. स्थलांतर मात्र अर्धेमुर्धेच झाले. ज्यांची फळी कुजली होती, ज्यांचे गावात कोणी नव्हते, ते खालीच राहिले आणि त्यांच्यावर घरे उभी राहिली. २०१२ मध्ये टेलर अॅव्हेन्यूवर संरक्षक भिंतीचे काम चालू असताना असाच एक सांगाडा सापडला. तो १८ ते २४ वर्षांच्या तरुणाचा असल्याचे तपासणीत दिसले. नाव कळू शकले नाही. २०१६ मध्ये त्याला माउंट मोरियात रीतसर पुरण्यात आले.

जेम्स बटलर ऊर्फ ‘वाइल्ड बिल’ हिकॉक हा इंगलसाइडहून वर आणलेल्यांपैकीच एक. इलिनॉयमध्ये १८३७ साली जन्मलेला हा बंदूकबाज डेडवुडमध्ये जेमतेम काही आठवडे राहिला. २ ऑगस्ट १८७६ रोजी नटल अँड मान यांच्या गुत्त्यात पोकर खेळत असताना जॅक मॅकॉलने मागून त्याच्या डोक्यात गोळी घातली. त्याच्या हातात काळे एक्के आणि काळ्या अठ्ठ्या होत्या, ही गोष्ट नंतरच्या लोकांनी रुजवली. त्याचा मित्र ‘कोलोरॅडो’ चार्ली अटर याने कबरीवर लाकडी फळी रोवली. खुनी मॅकॉलचे नाव, गावाचे नाव, तारीख आणि त्याखाली ‘मित्रा, सुखाच्या शिकारभूमीत पुन्हा भेटू, मग ताटातूट नाही’ अशा अर्थाचा निरोप. मारेकऱ्याचे नाव कोरणारी ही फळी म्हणजे एका अर्थाने फिर्यादच होती, कारण खाणकामगारांनी भरवलेल्या तात्पुरत्या न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी मॅकॉलला निर्दोष सोडले होते. पुढे त्याच्यावर डकोटा प्रदेशाची तेव्हाची राजधानी यांक्टन येथे पुन्हा खटला चालला. एकदा सुटलेल्यावर पुन्हा खटला कसा, या आक्षेपाला उत्तर होते ते असे की, डेडवुड हे राखीव प्रदेशातले बेकायदा गाव, त्यामुळे तिथले न्यायालयही बेकायदाच. ज्या कराराला सोन्यासाठी कोणी विचारले नाही, तो मॅकॉलला फासावर चढवताना आठवला. १ मार्च १८७७ रोजी त्याला फाशी झाली.

१८७९ मध्ये हिकॉकची शवपेटी उघडली तेव्हा देह बऱ्याच अंशी शाबूत आणि विलक्षण जड निघाला. त्याचा पाषाण झाला असे गावात बोलले गेले. नव्या कबरीवरच्या स्मारकांचे नशीब मात्र वाईट. १८९१ मध्ये जे. एच. रिओर्डन याने घडवलेला अर्धपुतळा आठवण म्हणून तुकडे तोडून नेणाऱ्यांनी संपवला. १९०० नंतर लवकरच अॅल्विन स्मिथने वालुकाश्मात घडवलेला पुरुषभर उंचीचा पुतळा बसला. त्याला जाळी घालावी लागली, तरी लोकांनी तो इतका खरवडला की १९५० च्या दशकात काढून टाकणे भाग पडले. आज तेथे दिसतो तो २००२ मध्ये बसवलेला, रिओर्डनच्या अर्धपुतळ्यावरून केलेला ब्राँझचा पुतळा.

त्याच्या शेजारी मार्था जेन कॅनरी ऊर्फ कॅलॅमिटी जेन आहे. १ ऑगस्ट १९०३ रोजी जवळच्या टेरी या खाणगावात ती वारली. तिच्या दगडावर टोपणनावाखाली ‘मिसेस एम. ई. बर्क’ असे लिहिले आहे आणि वय ५३ दिले आहे. तिने स्वतः सांगितलेले जन्मसाल १८५२. जनगणनेच्या नोंदींवरून ते १८५६ च्या आसपास येते. म्हणजे दगड, ती स्वतः आणि सरकारी कागद या तिघांचा मेळ बसत नाही. हिकॉकशी तिचे प्रेमसंबंध होते याला भक्कम आधार नाही. त्यांची ओळखच काही आठवड्यांची. तरीही तिला त्याच्याशेजारी पुरले आणि कबरींच्या या शेजारामुळेच प्रेमकथा पक्की झाली. कबरीचा दगड हा पुरावा असतो तसा तो गोष्टही रचतो, याचे याहून बोलके उदाहरण शोधून सापडणार नाही. तिच्याविषयी टिकून राहिलेली दुसरी आठवण, देवीच्या रोग्यांची तिने केलेली शुश्रूषा, दगडावर आली नाही.

अखेरच्या महिन्यांत कॅलॅमिटी जेनला आसरा देणारी डोरा डफ्रॅनही याच टेकडीवर आहे. इंग्लंडहून आलेली डोरा ब्लॅक हिल्समध्ये कुंटणखाने चालवत असे. १९३४ मध्ये ती वारली. नवरा जोसेफ आणि लाडका पोपट फ्रेड यांच्यासह तिचे दफन झाले आहे. जॉन पेरेट ऊर्फ ‘पोटॅटो क्रीक जॉनी’ हा वेल्समधून आलेला ठेंगू सोनेशोधक. १९२९ मध्ये त्याने पावणेआठ औंसांचा सोन्याचा गोळा सापडल्याचे जाहीर केले आणि तो गावाचा लाडका झाला. १९४३ मध्ये तो गेला तेव्हा त्याला हिकॉक आणि जेनच्या जवळच जागा देण्यात आली. तोवर गावाला आपल्या मृतांचे पर्यटनमूल्य पुरते कळले होते.

धर्मोपदेशक हेन्री वेस्टन स्मिथ याची कथा वेगळी. रस्त्यावर उभे राहून खाणकामगारांना प्रवचन देणारा हा मेथडिस्ट २० ऑगस्ट १८७६ रोजी क्रूक सिटीकडे पायी निघाला. प्रवचनाला जात आहे, देवाची इच्छा असेल तर तीनला परत येईन, अशी चिठ्ठी त्याने दाराला लावली होती. वाटेत त्याला कोणीतरी गोळी घातली. दोष अमेरिकेतल्या मूळ रहिवासी इंडियनांवर ठेवला गेला, पण ते कधी सिद्ध झाले नाही. रिओर्डनने त्याचाही पुतळा घडवला आणि तोही आठवण जमवणाऱ्यांच्या हातून सुटला नाही.

गाव खऱ्या अर्थाने ज्यांनी उभे केले त्यांत सेथ बुलकचे नाव पहिले घ्यावे लागेल. कॅनडातील ऑन्टारिओत १८४९ मध्ये जन्मलेला बुलक भागीदार सॉल स्टार याच्यासह लोखंडी अवजारांचा माल घेऊन आला, तो हिकॉकच्या खुनाच्या आदल्या दिवशी. मार्च १८७७ मध्ये तो लॉरेन्स काउंटीचा पहिला शेरीफ झाला. त्याआधी मोंटानाच्या विधिमंडळात त्याने यलोस्टोनच्या संरक्षणाचा ठराव मांडला होता. थिओडोर रूझवेल्टशी त्याची आयुष्यभराची मैत्री. रूझवेल्ट जानेवारी १९१९ मध्ये वारल्यावर आजारी बुलकने एका डोंगरमाथ्यावर त्याच्या स्मरणार्थ दगडी मनोरा बांधण्यात पुढाकार घेतला. त्या डोंगराला माउंट रूझवेल्ट हे नाव मिळाले. सप्टेंबरमध्ये बुलकही गेला. त्याची कबर मुख्य दफनभूमीपासून बरीच वर, दमछाक करणाऱ्या चढावर आहे, कारण तिथून तो डोंगर समोर दिसावा अशी त्याची इच्छा होती. त्रेचाळीस वर्षे या गावात घालवलेल्या माणसाकडे काही आठवड्यांच्या पाहुण्यापेक्षा कितीतरी कमी लोक चढून जातात. अनेकदा डेडवुडचा महापौर झालेल्या सॉल स्टारचा दगड तर येथे नाहीच. त्याचे दफन सेंट लुइसला झाले.

टेकडीचे विभाग गावाच्या समाजरचनेप्रमाणे पडले आहेत. ‘हिब्रू हिल’ या ज्यू विभागात हिब्रू आणि इंग्रजी अशा दोन्ही लिपींतले दगड आहेत. हे बहुतेक व्यापारी जर्मनभाषक मुलुखांतून आले होते. नेथन कोलमन या गृहस्थाने रब्बीविना असलेल्या समाजाची धर्मकृत्ये सांभाळली. त्याची डेडवुडमध्ये जन्मलेली मुलगी ब्लँच १९११ मध्ये वकील झाली, साउथ डकोटातील सुरुवातीच्या महिला वकिलांपैकी एक. यादवी युद्धात लढलेल्या सैनिकांचा वेगळा पट्टा आहे. १८७९ च्या कायद्याने खासगी दफनभूमीतील सैनिकांनाही सरकारी खर्चाने शिळा मिळू लागली, त्यामुळे एरवी निनावी राहिली असती अशी बरीच गरीब माणसे आज नावानिशी सापडतात.

सर्वांत अस्वस्थ करणारा भाग लहान मुलांच्या कबरींचा. १८७८ ते १८८० या काळात घटसर्प आणि लोहितांग ज्वराच्या (स्कार्लेट फीवर) साथी आल्या. घळीत सांडपाण्याची सोय नाही, घरे दाटीवाटीची, औषध जवळपास नाहीच. दगडांवर कोकराची आकृती कोरलेली असते, ती बालकाची खूण. वय वर्षांत नव्हे, महिन्यांत आणि दिवसांत मोजलेले असते. बंदूकबाजांच्या गावातली ही खरी मृत्युसंख्या. गोळीने मेलेल्यांची यादी तिच्यापुढे छोटी आहे. खाणीतले अपघात, न्यूमोनिया आणि बाळंतपण यांचाही वाटा मोठा होता.

चिनी विभागात आज मोजकेच दगड दिसतात. १८८० च्या जनगणनेच्या वेळी या परिसरात सुमारे दोनशे चिनी लोक होते. धोबीकाम, खानावळी, दुकाने आणि इतरांनी सोडून दिलेल्या वाळूतून सोने धुणे, हे त्यांचे व्यवसाय. १८८२ च्या बहिष्कार कायद्याने नवे मजूर येणे थांबले आणि बायकामुलांना आणणेही अवघड झाले, म्हणून वस्ती विरत गेली. परक्या मातीत कायमचे राहू नये या श्रद्धेने बहुतेकांची हाडे काही वर्षांनी उकरून, स्वच्छ करून चीनला मूळ गावी पाठवली गेली. त्यामुळे दगड कमी म्हणजे माणसे कमी, हा हिशेब येथे चुकतो. १९०८ मध्ये चिनी समाजाने विटांची भट्टी आणि वेदी बांधली. मृताला परलोकात उपयोगी पडाव्यात म्हणून कागद व इतर वस्तू तीत जाळल्या जात. ती मोडून पडली होती. अलीकडे तिची पुन्हा उभारणी झाली आहे.

बेवारसांचे विभाग सर्वांत विरळ दिसतात. येथे मुळात लाकडी फळ्या होत्या आणि त्या बर्फापावसात वीस-तीस वर्षांत नाहीशा झाल्या. त्यांची नावे शोधायची तर दफनांच्या नोंदवह्या, जनगणनेचे तक्ते आणि जून १८७६ पासून निघणारे ‘ब्लॅक हिल्स पायोनियर’ हे वृत्तपत्र असे तिन्ही एकत्र ठेवून वाचावे लागते. २६ सप्टेंबर १८७९ च्या भीषण आगीत गावातल्या शेकडो इमारतींसह कितीतरी कागद गेले, त्यामुळे सुरुवातीच्या तीन वर्षांतल्या काही जणांच्या बाबतीत दगड हाच एकमेव लेख उरला आहे. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांना या टेकडीची किंमत वाटते ती यासाठी.

डेडवुड गावाला १९६१ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. नोव्हेंबर १९८९ मध्ये तेथे मर्यादित जुगार कायदेशीर झाला आणि त्यातून येणारा महसूल ऐतिहासिक वास्तूंच्या जतनासाठी वापरण्याचे ठरले. कोसळलेल्या आधारभिंती, वाटा, कललेले व फुटलेले दगड यांची मोठी दुरुस्ती याच पैशातून झाली. प्रवेशासाठी अल्प शुल्क आहे आणि प्रथेप्रमाणे दफनभूमीवरचा राष्ट्रध्वज रात्रीही उतरवला जात नाही.