बाख लाइप्झिगला ऑर्गनवादक नव्हता

अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख याच्याबद्दल एक वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय : 'लाइप्झिगच्या सेंट थॉमस चर्चमध्ये तो 27 वर्षं ऑर्गनवादक होता.' वर्षं बरोबर आहेत, हुद्दा चुकीचा.

ऑर्गनवादकाच्या नोकऱ्या त्याने तरुणपणी केल्या : 1703 पासून आर्नश्टाट, मग म्युलहाउझन, 1708 पासून वायमारचा दरबार. 1723 मध्ये लाइप्झिगला तो आला तो 'कांटोर' म्हणून. तिथे ऑर्गनवर पगारी वादक वेगळा होता. कांटोरचं काम म्हणजे थॉमस शाळेतल्या मुलांना गायन शिकवायचं, त्यांच्यातून गायकवृंद उभे करायचे, आणि त्यांच्याकडून रविवारचं संगीत बसवून घ्यायचं. तेही शहरातल्या चार चर्चसाठी! लॅटिनचे तासही याच पदाकडे होते. ते त्याने पैसे देऊन दुसऱ्यावर सोपवले.

हा कष्टाचा भाग त्या एका चुकीच्या शब्दाने पुसला जातो, म्हणून मला तो खटकतो. ऑगस्ट 1730 मध्ये त्याने नगर परिषदेला लिहिलेलं निवेदन वाचा. मुलांची विभागणी त्याने स्वतः केली आहे : 17 उपयोगी, 20 अजून तयार नाहीत, 17 अगदीच कुचकामी. एवढ्या बळावर त्याने आपले अवघड कॅन्टाटा, म्हणजे चर्चमध्ये वाद्यांच्या साथीने गायच्या रचना, गाऊन घेतले.

ऑर्गन मात्र सुटला नाही. नवी वाद्यं पारखायला त्याला बाहेरगावची बोलावणी येत. 1746 मध्ये, साठी उलटल्यावरही, तो नाउमबुर्गचा नवा ऑर्गन तपासायला गेला होता.