पाकिटातली कमाल बोली : संग्राहकांच्या ऑनलाइन लिलावांची पार्श्वभूमी

‘लिलाव’ हा शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आला, आणि ठाणे १७३७ पर्यंत पोर्तुगीजांच्याच ताब्यात होते. नौपाड्यात किंवा वाशीत बसून मोबाइलवर एखाद्या तिकिटासाठी वा नाण्यासाठी बोली लावणारा संग्राहक आज जे संकेत पाळतो, म्हणजे कमाल रक्कम आधी ठरवावी, ती एकदाच द्यावी आणि दिलेला शब्द फिरवू नये, त्यांचे मूळ मात्र एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी तिकीटसंग्राहकांच्या टपालात सापडते.

न्यूयॉर्कमध्ये १८७० साली टपाल तिकिटांचा लिलाव झाला आणि पुढे असे लिलाव नित्याचे झाले. दूरगावचे संग्राहक प्रत्यक्ष येऊ शकत नसत. ते पत्राने आपली कमाल रक्कम कळवत आणि लिलावदार त्यांच्या वतीने गरजेपुरतीच बोली चढवत असे. १८९३ साली मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थॅम्प्टन येथील तिकीटविक्रेत्यांनी सभागृहच वगळले. सर्व बोल्या टपालाने मागवायच्या, लॉट, म्हणजे लिलावातली एक वस्तू किंवा वस्तूंचा संच, सर्वांत मोठ्या बोलीला द्यायचा, पण किंमत मात्र दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीपेक्षा थोडीच वर आकारायची, असा त्यांचा नियम होता. या पद्धतीत वस्तूचे आपल्या मते जे मोल आहे तेवढीच बोली लावणे सर्वांत फायद्याचे ठरते, हे अर्थशास्त्रज्ञ विल्यम विकरी यांनी १९६१ साली सिद्ध केले आणि १९९६ साली त्यांना नोबेल मिळाले. तिकीटवाल्यांनी ती वाट त्यांच्या जवळजवळ सत्तर वर्षे आधी व्यवहारातून शोधली होती, याचा मला एक संग्राहक म्हणून अभिमान वाटतो.

१९९५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ईबे या ऑनलाइन लिलावांच्या संकेतस्थळाने लिलावदाराचे हे काम संगणकाकडे सोपवले. १६ एप्रिल १९५३ रोजी रेल्वेच्या शताब्दीनिमित्त निघालेले दोन आण्यांचे तिकीट घेऊ. बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी ठाण्यालाच आली असल्याने ते ठाणेकरांना जिव्हाळ्याचे आहे. समजा, त्याच्या फर्स्ट डे कव्हरसाठी, म्हणजे तिकीट निघाले त्याच दिवशीचा शिक्का असलेल्या लिफाफ्यासाठी, एकाने १,२०० रुपयांची कमाल बोली दिली, दुसऱ्याने ७०० ची, आणि बोलीचा टप्पा ५० रुपयांचा आहे. तर पहिल्याला ते ७५० रुपयांना सुटते. हे न उमगलेला नवखा संग्राहक ४०० लावतो, लगेच मागे पडतो, मग ४५०, ५०० असे चढत जातो आणि ईर्ष्येला पेटून स्वतःच्या अंदाजापलीकडे पोहोचतो.

या पद्धतीची दुखरी नस एकच आहे, ती म्हणजे टपालाने आलेल्या बोलीचे पाकीट उघडणारा माणूस. त्याला आपली कमाल रक्कम कळते, आणि मनात आणले तर तो तिच्या जरा खालची खोटी बोली दाखवू शकतो. घाऊक फळबाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची जी जुनी रीत होती, तीतही आपला आकडा इतरांना कळू नये हीच धडपड होती. ऑनलाइन लिलावातील अखेरच्या क्षणाची बोली मी याच कुळातली मानतो. अर्थशास्त्रज्ञ ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ऑकेनफेल्स यांनी २००२ साली दाखवले की, ठरल्या वेळी बंद होणाऱ्या ईबेवर अशा बोल्या पुष्कळ येत, तर शेवटच्या बोलीनंतर मुदत दहा मिनिटे वाढवणाऱ्या ॲमेझॉनच्या लिलावांत त्या फारच कमी असत. ईबेवरही संगणकांच्या लिलावांपेक्षा जुन्या दुर्मीळ वस्तूंच्या लिलावांत त्या अधिक येत, कारण तेथे जाणकाराने बोली लावली की त्या वस्तूत काही आहे हे इतरांना आपोआप कळते. म्हणून वेळ निश्चित असेल तेथे शेवटच्या पाच सेकंदांत बोली लावणाऱ्याला असभ्य म्हणणे मला पटत नाही. तो आपला अभ्यास राखत असतो.

भारतात २००० साली सुरू झालेली बाझी ही ऑनलाइन लिलावांची कंपनी २००४ मध्ये ईबेने विकत घेतली आणि २०१८ मध्ये ईबेचे येथील संकेतस्थळ बंद झाले. छोटे लिलाव आता बरेचसे व्हॉट्सॲपच्या गटांत होतात. तेथे संगणक मध्ये नसल्याने कायदा काय सांगतो हे ठाऊक असलेले बरे. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम ६४ नुसार विक्री पूर्ण झाल्याचे जाहीर होईपर्यंत बोली मागे घेता येते. तेव्हा बोली न फिरवण्याचा आपला संकेत कायद्याहून कडक आहे, आणि तो तसाच असावा. विक्रेत्याने खोट्या बोल्यांनी भाव चढवला, तर खरेदीदार तो व्यवहार रद्द ठरवू शकतो.

खरेदीदारांच्या संगनमताचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण ते मैत्रीच्या रूपात येते. दोन वर्षांपूर्वी ठाण्यातील एका दिवंगत संग्राहकाचा अल्बम त्यांच्या मुलीने आमच्या गटात लिलावाला ठेवला. प्रत्येक तिकिटाखाली बारीक पेन्सिलीने खरेदीची तारीख लिहिलेली होती. आमच्यातील एका ज्येष्ठांनी ‘हा मला हवा आहे’ असे आधीच सांगितल्यामुळे बाकीचे मान राखून गप्प राहिले आणि अल्बम पहिल्याच बोलीत ३,००० रुपयांना सुटला. मी स्वतः ८,००० पर्यंत जाणार होतो. त्या मुलीने सगळ्यांचे आभार मानले, तो संदेश वाचून मला फार वाईट वाटले. पुढच्या महिन्यापासून आम्ही रीत बदलली. कोणत्याही कुटुंबाकडून आलेला संग्रह असेल, तर प्रत्येकाने आपली कमाल रक्कम ज्याला त्या लॉटमध्ये रस नाही अशा एका सदस्याला खाजगीत कळवायची. वेळ संपल्यावर तो सर्व बोल्या विक्रेत्यासह सगळ्यांना दाखवतो आणि लॉट दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीच्या एक टप्पा वर सुटतो.